इंजिन गेले नव्हते, घसा चोंदला होता

चिपळूणचा बहादूरशेख नाका मागे पडला, वाशिष्ठीवरचा पूल ओलांडला की परशुराम घाटाची चढण सुरू होते. घाट चढून वर आले की परशुराम, आणि थोडे पुढे लोटे. हा रस्ता आमच्या घरातल्या सगळ्यांना पाठ आहे. दवाखाना, बाजार, लग्नाची खरेदी, मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांना आणणे, सगळे याच रस्त्याने.

गेल्या थंडीत अम्मीचे डोळे दाखवून आम्ही चिपळूणहून परत येत होतो. गाडी भाईजान चालवत होते, आत आम्ही सहा माणसे. घाट लागताच गाडीने दम टाकला. भाईजाननी पाय तळापर्यंत दाबला, तरी वेग वाढेना. तिसऱ्या गिअरमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पहिल्यात. मागून ट्रकांचे हॉर्न सुरू झाले. मी वळून पाहिले, तर आमच्या गाडीमागे काळ्या धुराचा लोट होता आणि त्या धुरात एक स्कूटरवाला अडकला होता. त्याच्या पुढ्यात उभी असलेली पाच-सहा वर्षांची मुलगी दोन्ही हातांनी नाक-तोंड झाकून घेत होती.

अम्मी म्हणाली, "अरे, गाडी बाजूला घे. त्या लेकराला पुढे जाऊ दे."

ही गाडी म्हणजे आमच्या घराची रोजी आहे. लोट्याची औद्योगिक वसाहत प्रामुख्याने रासायनिक कारखान्यांची आहे आणि तिथे पाळ्या चालतात. भाईजान आसपासच्या गावांतून कामगारांना पाळीवर सोडतात आणि सुटलेल्यांना घरी आणतात. गाडी जुनी, बीएस-४ काळातली डिझेल, पण तोवर तिने कधी रडवले नव्हते. त्या दिवशी घाट कसाबसा चढलो. पण घरी आल्यावर भाईजान जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी गाडी एका गॅरेजमध्ये नेली. तिथल्या माणसाने रेस देऊन धूर पाहिला आणि निकाल देऊन टाकला, "टर्बो गेला आहे. इंजिनही खोलावे लागेल." खर्चाचा आकडा साठ-सत्तर हजारांचा. कतारला असलेल्या धाकट्या भावाला फोन गेला. अम्मी कपाटातल्या बांगड्यांबद्दल बोलू लागली. एक ओळखीचा गाडी-दलाल "आहे तशी देऊन टाका" म्हणत निम्म्या किमतीला मागून गेला. आणि आणखी एकाने सोपा उपाय सांगितला, "पाचशे रुपयांत पत्रा मारून देतो, गाडी पळायला लागेल."

मी शाळेत विज्ञान शिकवते आणि घरचा हिशेबही माझ्याकडेच असतो. त्यामुळे "इंजिन खोलावे लागेल" हे वाक्य मला इतक्या सहज पटेना. आम्ही महामार्गालगतच्या एका जुन्या मिस्त्रीचाचांकडे गेलो. त्यांचे आयुष्य ट्रक आणि जीपगाड्यांच्या डिझेल इंजिनांत गेलेले. त्यांनी बॉनेट उघडण्याआधी तीन प्रश्न विचारले. गाडी रोज एका दमात किती किलोमीटर चालते? उभी असताना इंजिन चालू ठेवता का? धूर एकदम सुरू झाला की हळूहळू वाढत गेला?

भाईजान म्हणाले, "एका फेरीला चार-पाच किलोमीटर. गेटवर माणसे येईपर्यंत इंजिन चालूच असते. धूर पावसाळ्यानंतर हळूहळू वाढला."

चाचा हसले. "मग इंजिनाला हात लावायच्या आधी त्याचा घसा बघू. टर्बो जातो, नाही असे नाही. पण आधी स्वस्त गोष्टी बघायच्या, महाग नंतर."

इंजिनाला स्वतःचाच धूर का पाजतात?

ज्याला चाचा घसा म्हणत होते, त्याचे नाव ईजीआर वॉल. डिझेल गाडी चालवणाऱ्या प्रत्येक घराला हा छोटासा भाग ठाऊक असायला हवा. इंजिनाच्या हेडमध्ये धूर बाहेर सोडणारे जे एक्झॉस्ट वॉल असतात, ते वेगळे. हा वॉल इंजिनाच्या बाहेरच्या अंगाला, धुराच्या आणि हवेच्या पाइपांच्या मध्ये बसवलेला असतो. सायलेन्सरकडे निघालेल्या धुरातला थोडा भाग परत वळवून इंजिनात जाणाऱ्या ताज्या हवेत मिसळणे हे त्याचे काम.

धूर परत इंजिनात घालायचा हे ऐकून कोणालाही विचित्र वाटेल. पण त्यामागे कारण आहे. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९२ साली ज्या इंजिनाच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १८९७ साली जे यशस्वीपणे चालवून दाखवले, त्यात ठिणगीचा प्लग नसतो. हवा इतकी दाबायची की ती तापते आणि तीत फवारलेले डिझेल आपोआप पेटते. म्हणूनच डिझेल इंजिन कमी इंधनात जास्त ओढते. पण या जळण्यात तापमान फार चढते. आपल्या हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो. एरवी तो कोणाच्या अध्यात ना मध्यात. परंतु तापमान साधारण १५०० अंश सेल्सियसच्या वर गेले की तोच नायट्रोजन ऑक्सिजनशी जुळतो आणि नायट्रोजनचे ऑक्साइड तयार होतात. हे वायू श्वासनळीला जाळतात, दमेकऱ्यांचा त्रास वाढवतात आणि उन्हात इतर वायूंशी मिळून जमिनीलगतचा ओझोन तयार करतात. यातले बरेचसे डोळ्यांना दिसत नाही.

त्यावर उपाय म्हणून थोडा धूर परत इंजिनात घालतात. या धुरात ऑक्सिजन कमी असतो, त्यामुळे जळण्याचा भडका जरा मवाळ होतो, तापमान उतरते आणि विषारी वायू कमी तयार होतात. भडकलेल्या चुलीतले एखादे लाकूड मागे ओढावे, तसेच हे. गाडी चढावर पूर्ण जोर लावते तेव्हा मात्र इंजिनाला सगळी ताजी हवा हवी असते. म्हणून त्या वेळी वॉलने बंद व्हायचे असते. उघडायचे केव्हा आणि बंद व्हायचे केव्हा, हे गाडीतला छोटा संगणक ठरवतो.

भारतात धुराचे नियम हळूहळू कडक होत गेले. बीएस-४ ची अट १ एप्रिल २०१७ पासून देशभर लागू झाली आणि बीएस-६ ची १ एप्रिल २०२० पासून. बीएस-४ मध्ये डिझेल कारला एका किलोमीटरमागे ०.२५ ग्रॅम नायट्रोजन ऑक्साइडची मुभा होती. बीएस-६ मध्ये ती ०.०८ ग्रॅमवर आली. ही मर्यादा गाठण्यात ईजीआर वॉलचा वाटा मोठा आहे.

घसा चोंदतो कसा?

स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा आठवा. रमजानचा महिना संपतो तेव्हा त्याच्या पात्यांवर काय असते? नुसती धूळ असती तर फडक्याने पुसली गेली असती. पण भज्यांच्या आणि समोशांच्या तेलाची वाफ त्या धुळीला चिकटते आणि चिवट काळा थर बसतो. तो खरवडूनच काढावा लागतो.

ईजीआर वॉलमध्ये नेमके हेच होते. धुरातून कोरडी काजळी येते. दुसऱ्या बाजूने, इंजिनाच्या तळाकडची ऑइलची वाफ बाहेर हवेत न सोडता एका पाइपाने इंजिनात येणाऱ्या हवेतच सोडलेली असते. काजळी आणि तेलाची वाफ एकत्र आली की डांबरासारखा थर जमू लागतो. वॉलच्या बैठकीवर, त्याच्या दांड्यावर, पुढे हवेच्या मॅनिफोल्डमध्ये तो साचत जातो. हवा जाण्याची वाट अरुंद होते आणि एक दिवस वॉल अडकतो.

इंजिन पूर्ण तापलेले असले आणि मोकळ्या रस्त्यावर चांगले चालत असले, तर जळण नीट होते आणि काजळी कमी तयार होते. लहान फेऱ्यांत इंजिन तापायच्या आतच थांबते. उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवले की धीम्या गतीत काजळी साचते. लोट्याच्या आसपास गाड्या चालवणारे आपण सगळे हेच करतो. गावातून कारखान्याच्या गेटपर्यंत, गेटवरून नाक्यापर्यंत, शाळेतून घरी. महामार्गाचे रुंदीकरण चालू असताना घाटाच्या तोंडाशी रांगेत इंजिन चालू ठेवून आपण किती वेळ उभे राहिलो, तेही आठवा. म्हणजे फार पळून नव्हे, तर पुरेसे न पळता आपली गाडी आजारी पडते.

इतरही कारणे आहेत. एअर फिल्टर चोंदलेला असणे, नोझल खराब होऊन डिझेलचा फवारा नीट न होणे, टर्बोमधून ऑइल गळणे, ऑइल पट्टीवरच्या वरच्या खुणेपेक्षा जास्त भरणे, भेसळीचे डिझेल. यातले काही असेल आणि ते तसेच राहिले, तर वॉल साफ करूनही काही महिन्यांत पुन्हा तोच त्रास होतो.

ओळखायचे कसे?

वॉल उघडा अडकला, तर गाडीला पिकअप राहत नाही, विशेषतः चढावर आणि भरलेल्या गाडीत. हवेची जागा धुराने घेतलेली असते, डिझेल पूर्ण जळत नाही, म्हणून काळा धूर येतो. उभी असताना गाडी थरथरते, कधी बंद पडते. ॲव्हरेज घसरतो. वॉल बंद अडकला, तर पिकअप फारसा कमी झालेला जाणवत नाही. पण विषारी वायू वाढतात, कधी इंजिनाचा ठोका कर्कश होतो. दोन्ही प्रकारांत डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागू शकतो, आणि काही गाड्या स्वतःला वाचवण्यासाठी ठरावीक वेगापुढे जातच नाहीत.

दिवा लागला की स्कॅनर लावून कोड वाचून घ्यावा. पी ०४०१ म्हणजे परत येणारा धूर अपेक्षेपेक्षा कमी, पी ०४०२ म्हणजे जास्त. पण चाचांचे म्हणणे असे की कोड फक्त पत्ता सांगतो, गुन्हेगार सांगत नाही. आमच्या गाडीत त्यांनी आधी एअर फिल्टर काढून उन्हात धरून पाहिला. मग डिझेल फिल्टरच्या तळाचे पाणी सोडले. कोकणच्या पावसाळ्यानंतर हे बघायलाच हवे. टर्बोकडून येणारे रबरी होज हाताने चाचपले, कारण त्यांना चीर गेली तरी पिकअप असाच जातो. चारही चाके वर उचलून फिरवली, कारण ब्रेक चिकटले तरी गाडी ओढत नाही. क्लच घसरत नाही ना, ते पाहिले. टर्बोचा पंखा बोटाने फिरवून त्यात खेळ नाही याची खात्री केली. हे सगळे तासाभरात झाले, आणि त्यासाठी एकही पार्ट विकत घ्यावा लागला नाही.

त्यानंतर त्यांनी ईजीआर वॉल सोडवून आमच्या हातात दिला. दोन बोटे जातील एवढी वाट. पण आत करंगळीही जाईना. झडप अर्धवट उघडी होती आणि काळ्या थरात रुतून बसली होती. भाईजान बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "याच्यासाठी मी गाडी विकणार होतो."

साफसफाई: काय करावे, काय करू नये

हे काम जाणत्या मिस्त्रीकडूनच करून घ्यावे; पण ते नीट होते आहे की नाही, हे मालकाला कळायला हवे. चाचांनी इंजिन पूर्ण थंड होऊ दिले. बॅटरीची वजा बाजूची तार काढली. वॉलचा वायरचा कनेक्टर सोडवला. काही जुन्या गाड्यांत वॉल व्हॅक्यूमच्या नळीवर चालतो, नंतरच्यांत छोट्या विजेच्या मोटरवर. मोटर असेल तर तो भाग ओला होता कामा नये. म्हणून वॉलचे तोंड खाली धरून साफ करायचे. वॉलला जोडलेल्या कूलरमध्ये कूलंट असते, त्याची गळती तपासायची.

मग कार्बोरेटर किंवा ईजीआर साफ करण्याचा फवारा मारून थर मऊ होऊ द्यायचा. प्लास्टिकच्या पट्टीने तो खरवडायचा आणि जुन्या टूथब्रशने घासायचा. बैठकीच्या जागी तारेचा ब्रश किंवा स्क्रू ड्रायव्हर चालवला तर ओरखडे पडतात आणि वॉल कधीच नीट बंद होत नाही. झडप मोकळी हलते का आणि पूर्ण मिटते का, हे पाहायचे. पुढच्या मॅनिफोल्डमधला थरही काढायचा. मात्र सुटलेला तुकडा आत पडू द्यायचा नाही. बसवताना नवी गॅसकेट घालायची. शेवटी स्कॅनरने कोड पुसायचे आणि ज्या गाड्यांत लागते, त्यांत संगणकाला वॉलची जागा पुन्हा शिकवायची.

आता काही इशारे. अनेक ठिकाणी वॉल कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडवून ठेवतात. वॉलची बॉडी बहुधा अॅल्युमिनियमची असते. कॉस्टिक अॅल्युमिनियम खातो आणि त्यातून पेट घेणारा हायड्रोजन निघतो. पेट्रोलने धुणेही तितकेच धोक्याचे, कारण जवळ कोणीतरी बिडी ओढत असतो किंवा वेल्डिंग चालू असते. चालू इंजिनाच्या हवेच्या पाइपात भसाभस फवारा मारणाऱ्यांपासून दूर राहा. डिझेल इंजिनाला तोच फवारा इंधन म्हणून मिळतो आणि ते ताब्याबाहेर पळू शकते. आणि ही काजळी उघड्या हाताने हाताळू नका, मुलांना जवळ येऊ देऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलचा धूर हा माणसात कर्करोग करणारा असल्याचे जाहीर केले आहे. हातमोजे आणि मास्क हवेतच.

कूलंट वारंवार कमी होत असेल तर टाळाटाळ करू नका. दक्षिण कोरियात २०१८ मध्ये बीएमडब्ल्यूच्या डिझेल गाड्यांना आगी लागल्या आणि कंपनीला एक लाखाहून अधिक गाड्या परत बोलवाव्या लागल्या. कारण होते ईजीआर कूलरमधून गळणारे कूलंट आणि तिथे साचलेली काजळी.

आमचा एकूण खर्च, मजुरी, फवारा, गॅसकेट, फिल्टर आणि ऑइल धरून, पाच हजारांच्या आत बसला. प्रत्येकाचे इतक्यात भागेल असे नाही. वॉलची मोटर जळली असेल किंवा बैठक झिजली असेल तर नवा वॉल घ्यावाच लागतो, आणि तो स्वस्त नसतो. पण इंजिन खोलण्याच्या खर्चापुढे तोही कमीच.

"पत्रा मारून घ्या" म्हणणाऱ्यांना काय सांगावे?

वॉल आणि पाइप यांच्यामध्ये पातळ पत्रा बसवून धुराची वाट कायमची बंद करायची, याला पत्रा मारणे म्हणतात. आपल्याकडे हे सर्रास चालते. खोटे कशाला बोलायचे, पत्रा मारल्यावर गाडी बरी पळते. चोंदलेल्या वॉलमधून येणारा धूर थांबल्यावर ताजी हवा मिळणारच. काळा धूरही कमी दिसतो. म्हणूनच माणूस फसतो.

कारण दिसणारा धूर कमी होतो आणि न दिसणारा वाढतो. पीयूसी केंद्रावर डिझेल गाडीची रेस वाढवून फक्त धुराचा काळेपणा मोजतात. नायट्रोजनचे ऑक्साइड तिथे मोजले जात नाहीत. पत्रा मारलेली गाडी पीयूसी सहज पास होते आणि मालक निर्धास्त होतो. कायदा मात्र निर्धास्त नाही. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम १९०(२) प्रमाणे प्रदूषणाचे मानक मोडणारी गाडी रस्त्यावर चालवली, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. गाडीलाही ते मानवत नाही. बऱ्याच बीएस-४ गाड्यांत संगणकाला हा बदल कळतो, इंजिनाचा दिवा कायम जळत राहतो, आणि उद्या दुसरा खरा बिघाड झाला तरी तो ओळखू येत नाही.

हीच चलाखी जगातल्या एका मोठ्या कंपनीने करून पाहिली. सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगनचा घोटाळा अमेरिकेत उघड झाला. त्यांच्या डिझेल गाड्यांतला संगणक चाचणी चालू आहे हे ओळखायचा आणि तेवढ्यापुरता धूर परत फिरवण्याचे प्रमाण वाढवायचा. रस्त्यावर आला की ते कमी करायचा. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत हे होते. आपल्या पुण्याच्या एआरएआय संस्थेच्या चाचण्यांतही प्रयोगशाळेतला धूर आणि रस्त्यावरचा धूर यांत तफावत आढळली, आणि डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने भारतातल्या सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचे जाहीर केले. म्हणजे जगभर ज्या गोष्टीसाठी एवढ्या मोठ्या कंपनीची मान खाली गेली, तेच काम आपण पाचशे रुपयांत नाक्यावर करून घेतो.

लोट्यात राहणाऱ्यांना हे जास्त लागायला हवे. कारखान्यांचा वास आणि सांडपाणी यांबद्दल आपण वर्षानुवर्षे तक्रारी करतो. दाभोळ खाडीतल्या मच्छीमारांनी तर त्यासाठी लढे दिले आहेत. त्या तक्रारी रास्तच आहेत. पण कारखान्याच्या चिमणीकडे बोट दाखवणाऱ्याच्या स्वतःच्या गाडीत पत्रा असेल, तर तो कोणत्या तोंडाने बोलणार? भाईजाननी पत्र्याला नकार दिला तेव्हा मी कारण विचारले. ते एवढेच म्हणाले, "घाटात ती पोरगी नाक धरून उभी होती."

पुन्हा चोंदू नये म्हणून

चाचांनी भाईजानना जे सांगितले, ते इथे देते. कापून गाडीच्या कप्प्यात ठेवावे असे आहे.

१. माणसांची वाट पाहताना दोन मिनिटांपेक्षा जास्त थांबायचे असेल तर इंजिन बंद करा. मात्र घाट चढून आल्यावर किंवा गाडी जोरात पळवल्यावर लगेच बंद करू नका. टर्बो थंड व्हायला अर्धा-एक मिनिट द्या.

२. आठवड्यातून एकदा तरी इंजिन पूर्ण तापल्यावर वीस-तीस मिनिटे मोकळ्या रस्त्यावर न थांबता चालवा. सुईने दोन ते अडीच हजार आरपीएमच्या आसपास राहावे. वेगमर्यादा मोडायची गरज नाही. एक गिअर खाली ठेवला तरी भागते. याने चोंदलेला वॉल साफ होतो असे नाही, पण साफ वॉल चोंदायला वेळ लागतो.

३. चढावर वरच्या गिअरमध्ये गाडी रडवू नका. वेळीच गिअर खाली घ्या.

४. कंपनीने सांगितलेल्या प्रतीचेच ऑइल वेळेवर बदला, आणि ते पट्टीवरच्या दोन खुणांच्या मध्येच ठेवा.

५. एअर फिल्टर वेळेवर बदला. पावसाळ्यात डिझेल फिल्टरमधले पाणी सोडा.

६. डिझेल खात्रीच्या पंपावर भरा आणि पावती ठेवा.

७. लहान फेऱ्यांची गाडी असेल तर वर्षातून एकदा वॉल उघडून बघायला सांगा.

बीएस-६ डिझेल गाड्यांत सायलेन्सरच्या वाटेवर काजळी पकडणारा डीपीएफ फिल्टरही असतो. तो अडकलेली काजळी स्वतः जाळून टाकतो, पण त्यासाठी त्यालाही लांबचा, गरम रस्ता लागतो. रोज चार-पाच किलोमीटरच जायचे असेल, तर गाडी घेतानाच डिझेल खरेच हवी का, याचा विचार करा. परदेशातून आलेला भाऊ किंवा मुलगा हौसेने मोठी डिझेल गाडी घेऊन देतो, दोन महिन्यांनी परत जातो आणि गाडी मशीद, बाजार आणि शाळा एवढ्यातच फिरते. अशी गाडी लवकर चोंदते.

आणि शेवटचे घरातल्या बहिणींसाठी. गाडीचे काम पुरुषांचे म्हणून आपण गप्प बसतो. पण पैसे जातात ते घराच्या हिशेबातून. मिस्त्रीने "इंजिन खोलावे लागेल" म्हटले की तीन गोष्टी विचारा. स्कॅनरवर कोणता कोड आला? एअर फिल्टर, होज आणि ईजीआर वॉल उघडून बघितले का? काढलेला पार्ट आम्हाला दाखवाल का? प्रामाणिक मिस्त्रीला या प्रश्नांचा राग येत नाही. चाचांनी तर उलट चहा मागवला.

अल्हम्दुलिल्लाह, गाडी आज पाळ्यांच्या फेऱ्या करते आहे. गेटवर उभी असते तेव्हा इंजिन बंद असते. दर जुम्म्याला नमाजनंतर भाईजान ती खेडपर्यंत फिरवून आणतात. गेल्या महिन्यात अम्मीला पुन्हा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले होते. येताना घाट तिसऱ्या गिअरमध्ये चढलो. अम्मी मागच्या काचेतून एकसारखी बघत होती. मी विचारले, "काय बघतेस?"

"धूर येतो का ते," ती म्हणाली.